अठरा फुटांचा उतार

नवसाबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी भारतला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की तीन महिने आईंनी मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही आणि पायऱ्यांचं नाव काढायचं नाही. आधी चाकाची खुर्ची, मग वॉकर, मग काठी. भारत गंभीरपणे मान हलवत होता, पण मनातल्या मनात घराच्या पायऱ्या मोजत होता. पुढे तीन, मागे दोन. आणि संडास परसात, पेरूच्या झाडापलीकडे, तोही खाली बसायचा.

घर मखमलाबाद रस्त्याला, मळ्यातच होतं. भारतचे वडील कोंडाजी यांनी शेवंती आणि मेथी-कोथिंबिरीच्या जिवावर ते बांधलं होतं, आणि बांधताना या घरात कधी कुणी म्हातारं होईल असं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. नवसाबाई पडल्या त्याही घरात नाहीत. मेथीच्या वाफ्यात, पाण्याच्या पाइपात पाय अडकून.

खरा पेच घातला तो भारतच्या थोरल्या बहिणीने, छायाने. ती देवळाली कॅम्पात राहायची. शाळेत शिक्षिका, तळमजल्यावरचं क्वार्टर, घरात कमोड. दवाखान्यात आईजवळ तीच बसून होती, त्यामुळे शब्दही तिचाच चालत होता. तिने भारतला स्वच्छ सांगितलं, "पुढच्या शनिवारी आईला सोडतायत. मी तिला घेऊन येईन आणि घर बघीन. तिला वावरता येण्यासारखं असलं तर ठीक. नाहीतर त्याच रिक्षाने तिला माझ्याकडे नेईन. तीन महिने."

हे कोंडाजींना जेवताना कळलं. अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले आणि विहिरीवरची मोटर बघायला गेले. लाइट गेलेली होती, मोटर बंद होती, तरी ते अर्धा तास तिच्याकडे बघत उभे राहिले. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात, बाळंतपणं सोडली तर, नवसाबाई माहेरी नामपूरलासुद्धा आठ दिवसांच्या वर कधी राहिल्या नव्हत्या.

भारतच्या हाताशी नऊ दिवस होते आणि डोक्यात भरपूर ज्ञान. तो अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमला होता, साचे आणि हत्यारं घडवायच्या कामावर. तिथे केसभर माप चुकलं तरी जॉब भंगारात जायचा, आणि भारतचा जॉब सोळा वर्षांत एकदाही गेला नव्हता. त्याने पहिली पाळी मागून घेतली, म्हणजे दुपारनंतर मोकळं. ग्राफपेपरवर घराचा नकाशा काढला, ओळखीतून चाकाची खुर्ची मागून आणली, आणि ती पहिल्याच दिवशी पुढच्या दारात अडकली. खुर्ची सव्वीस इंच, दार चोवीस. भारतने माप घेतलं होतं, पण चौकटीच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. बायको रूपाली दारात उभी होती. ती आत जाऊन टेप घेऊन आली आणि त्याच्या हातात दिली.

गेणू मिस्त्रीला बोलावणं गेलं. तो दारासमोर उभा राहून बराच वेळ तंबाखू मळत होता.

"चौकट काढावी लागन," तो शेवटी म्हणाला. "आन चौकट काढायची म्हंजी भित बी थोडी फोडावी लागन."

थोडी म्हणता म्हणता भिंत खिडकीपर्यंत गेली. पण दोन दिवसांत नवी रुंद चौकट बसली आणि भारतला जरा हुरूप आला.

मग आला उतार. घराचं जोतं दीड फूट उंच. भारतने कारखान्यातल्या कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं, की एक इंच चढायला बारा इंच लांबी हवी. म्हणजे अठरा फूट. आणि दारापासून फाटकापर्यंत अंगण नऊ फूट. गेणूचं म्हणणं पडलं, की नऊ फुटांत बसवून टाकू, जरा उभा होईल, त्याला काय. भारतने प्रयोग करायचं ठरवलं. नऊ फुटांत दोन फळ्या तिरक्या टाकल्या, खुर्चीत साधारण नवसाबाईंच्या वजनाचं कांद्याचं पोतं बसवलं आणि हात सोडला. पोतं फाटकातून बाहेर पडलं, रस्ता ओलांडून समोरच्या सिंधुबाईंच्या अंगणात शिरलं आणि त्यांच्या वाळत घातलेल्या कुरडयांपाशी जाऊन थांबलं. सिंधुबाईंनी आधी पोत्याकडे पाहिलं, मग भारतकडे.

"आईला असं नको पाठवू रे बाबा," एवढंच त्या म्हणाल्या आणि खुर्ची ढकलत परत आणून दिली.

तेव्हा उतार अठरा फुटांचाच ठरला. दारातून निघून डावीकडे भिंतीच्या कडेने जायचं, कोपऱ्यात वळायचं आणि फाटकाशी उतरायचं. त्यासाठी पायऱ्या फोडल्या गेल्या. दरम्यान भारतने स्वयंपाकघरामागच्या मोरीत कमोड बसवायचं काढलं होतं. मागचं दार मोरीतूनच उघडायचं. कमोडशेजारी धरायला कड्या हव्यात. विकत मिळत होत्या, पण टूलरूमच्या माणसाला विकतची कडी पटत नाही. त्याने पुढच्या खोलीच्या खिडकीचे गज काढून नेले आणि कारखान्यात वाकवून, घासून त्यांच्या अशा देखण्या कड्या करून आणल्या, की त्याच्या साहेबांनी त्या हातात घेऊन पाहिल्या.

मंगळवारी सकाळी भारत कामावर असताना गेणूने पुढच्या उतारावर शेवटचा सिमेंटचा हात मारला. त्याच वेळी त्याच्या भावाने मागे मोरीत नव्या फरश्या बसवल्या. दोघांनी आपापलं काम चोख केलं आणि दोघांनी रूपालीला एकच गोष्ट सांगितली. तीन दिवस इथं पाय ठेवायचा नाही.

दुपारी भारत आला तेव्हा रूपाली खिडकीत उभी होती.

"पुढे ओलं आहे आणि मागेही ओलं आहे," ती म्हणाली. "आता मला सांगा, मी परसात जायचं कुठून?"

भारतने घराला एक चक्कर मारली. आत-बाहेर करायला एकच वाट उरली होती, गज नसलेली खिडकी. जमिनीपासून चार फूट. त्याने खिडकीखाली बाहेरून टोमॅटोचा एक प्लॅस्टिकचा क्रेट उपडा घातला आणि आतून एक स्टूल ठेवलं. ज्या घरात एका बाईला तीन पायऱ्या चढाव्या लागू नयेत म्हणून एवढा खटाटोप चालला होता, त्या घरातली धडधाकट माणसं खिडकीतून ये-जा करू लागली. रूपालीने परसाच्या फेऱ्या वाचवायला चहा सोडला. सिंधुबाई दुधाचं पातेलं खिडकीतून देऊ लागल्या. गॅसचा सिलिंडर खिडकीतून आला, आणि तो देणाऱ्या माणसाने जाताना विचारलं, की दार पुढच्या महिन्यात बसवणार का.

कोंडाजींना मात्र ही वाट आवडली. वय अडुसष्ट, पण एक पाय क्रेटवर, एक चौकटीवर, की आत. बाहेर पडताना तर ते मागे वळूनही बघत नसत. शुक्रवारी दुपारी ते जेवून असेच बाहेर पडले. त्याच्या पाच मिनिटं आधी खिडकीवरच्या गिलाव्याचा एक कोपरा राहिला म्हणून गेणूने क्रेट उचलून दोन हात पलीकडे ठेवला होता. कोंडाजींनी सवयीने पाय खाली सोडला. तिथे काही नव्हतं.

उजवा घोटा संध्याकाळपर्यंत बटाट्यासारखा सुजला. बोटं हलत होती, पण पाय टेकवत नव्हता. भारतने ताबडतोब दवाखान्यात चला म्हटलं. कोंडाजी हलायला तयार नव्हते.

"दवाखान्यात छाया हाय," ते म्हणाले. "तिला कळलं म्हंजी ती म्हनंल, घर धोक्याचं हाय. तुझ्या आईला नेईल आन संगं मला बी नेईल. तिथं क्वार्टरात बसून मी काय करू? उद्या ती येऊन जाऊ दे. मग तू म्हनशील तिथं येतो."

भारतने समजावून पाहिलं. छायाताईपासून असं लपवणं बरं नाही, असं तो म्हणाला. कोंडाजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि हळूच म्हणाले, "दहा दिस झाले, घरात कोनी माझ्यावर वरडलं नाय."

 भारतने त्यांच्या पायाला पट्टी बांधली.

शनिवारी सकाळी उतार वाळला होता, मोरी वाळली होती, कड्या चमकत होत्या. फक्त घरधन्याला उभं राहता येत नव्हतं. शेवटी कोंडाजींनीच तोड काढली. त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून दारात, उताराच्या वरच्या टोकाला ठेवायचं. विचारलं तर म्हणायचं, खुर्चीची चाचणी चाललीय. सुजलेला पाय धोतरात नीट झाकला, दुसऱ्या पायात चप्पल घातली आणि चाकांना वीट लावली.

दहाच्या सुमारास रिक्षा आली. आधी छाया उतरली. तिने फाटकातून वर पाहिलं.

"नाना, तुम्ही तिथे काय करताय?"

"चाचणी घेतोय," कोंडाजी म्हणाले. "चांगली हाय. गादी मऊ हाय."

"बरं, उठा आता. आईला बसवायचंय."

"थांब जरा. आजून बघतोय."

भारत पुढे झाला आणि ब्रेकबद्दल काहीतरी सांगू लागला. छायाने ते ऐकून घेतलं, पण तिची नजर वडिलांवरून हलली नाही. पुन्हा ती म्हणाली, उठा. पुन्हा कोंडाजी म्हणाले, थांब. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. नवसाबाई रिक्षातच बसून हे सगळं बघत होत्या. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली, जिथे एकच चप्पल दिसत होती.

"राहू दे गं त्यांना," त्या म्हणाल्या. "माझा वॉकर काढ."

छाया चमकली. पण तिने वॉकर काढला. नवसाबाई आधार घेत उभ्या राहिल्या आणि उताराला लागल्या. आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. एका बाजूला भारत, एका बाजूला छाया, दोघांचे हात नुसते हवेत. कोपऱ्यावर त्या थांबल्या, धाप लागली होती. वर कोंडाजी नकळत उठायला गेले आणि चेहरा पिळवटून परत बसले.

"बसा तिथंच," नवसाबाई खालून म्हणाल्या. "मी येतेय ना."

त्या दारापर्यंत पोचल्या तेव्हा निराळीच अडचण आली. दारात खुर्ची होती आणि कोंडाजींना ती मागे घेता येत नव्हती. त्यांनी विटेवरून चाक काढायच्या नादात नव्या चौकटीला दोनदा धडक दिली. शेवटी रूपालीने आतून खुर्ची ओढून घेतली आणि नवसाबाई अकरा दिवसांनी स्वतःच्या घरात आल्या.

छायाने घर बारकाईने तपासलं. कमोड पाहिला. कड्यांना लोंबकळून पाहिलं. खाटेची उंची मोजली. मग चहा प्यायली आणि म्हणाली, की ठीक आहे, आई इथे राहू शकेल. भारत तिला फाटकापर्यंत सोडायला गेला. रिक्षात बसता बसता ती म्हणाली, "नानांचा पाय कधीपासून सुजलाय?"

भारत रिक्षाच्या चाकाकडे बघू लागला.

"संध्याकाळी एक्स-रे काढून आण. मला रस्त्यावरूनच दिसलं." मग तिचा आवाज जरा खाली आला. "दवाखान्यात आठ दिवस आम्ही सगळे आईच्या मागे लागलो होतो. दोन पावलं टाकायची आणि म्हणायची, आता माझं चालणं संपलं. मला वाटत होतं ती खुर्चीतून उठणारच नाही. आज अठरा फूट चालली. यावर मी काय बोलणार?"

भारत परत आत आला तेव्हा नवसाबाई खाटेवर होत्या आणि समोर खुर्चीत कोंडाजी. वाकता येत नव्हतं म्हणून नवसाबाईंनी खाटेशेजारच्या काठीच्या टोकाने नवऱ्याचं धोतर वर केलं आणि घोटा पाहिला.

"कुठून पडलात?"

"खिडकीतून."

"या वयात खिडकीतून?"

"दार बंद व्हतं."

"कशामुळं?"

"तुझ्यामुळं," कोंडाजी म्हणाले.

नवसाबाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्यांचे खांदे हलायला लागले. भारत घाबरून पुढे झाला, तेव्हा त्याला दिसलं, की त्या टाक्यांवर हात दाबून धरून हसतायत. हसू ओसरल्यावर त्यांनी नवऱ्याची चांगली हजेरी घेतली, खिडकीपासून सुरुवात करून पार पंचेचाळीस वर्षं मागे जात. कोंडाजी खाली मान घालून, अतिशय समाधानाने ऐकत होते. ते संपल्यावर त्यांनी भारतला जवळ बोलावलं आणि आवाज बारीक करून म्हणाले,

"पन छायाला काय कळलं नाय. मास्तरीण आसंल ती, शाळेत."

"नाही कळलं, नाना," भारत म्हणाला आणि रिक्षा बोलवायला निघाला.