महाराजांची मोठी फुलं

बाळांनो, एका जंगलात एक खोल दरी होती. अलीकडे राजधानी, पलीकडे गवत. मधे दोरावर लोंबणारा पाळणा. पाळण्याची कडी झिजली, म्हणून ॲल्युमिनियमच्या मिश्रणाची नवी कडी ओतायचं ठरलं.

साळूताई साळिंदर दूरदेशी धातू शिकून नुकतीच परतली होती. तिने एक पुडी काढली.

"रस ओतण्याआधी ही चिमूटभर पूड टाका. थिजताना हजारो स्फटिक एकदम जन्मतील. कुणालाच फार वाढायला जागा मिळणार नाही. बारीक राहतील, पण एकमेकांना घट्ट धरतील."

सिंहमहाराज दचकले. "कुणीच मोठं होणार नाही? माझ्या राज्यात?"

"पूड नसेल तर मोजकेच स्फटिक वाढतात, महाराज. त्यांना नेच्यासारख्या फांद्या फुटतात. आपल्यात न बसणारं जे काही असेल, ते पुढे ढकलत नेतात. ते शेवटी सांध्यांत साठतं. कडी तिथेच तुटते."

"ढकलणारच! मोठे आहेत ते."

महाराजांनी पुडी दरीत भिरकावली. साचा गरम राखेत पुरायला लावला, म्हणजे रस सावकाश थिजेल आणि स्फटिक निवांत वाढतील.

साळूताई धातू ओतणाऱ्या अस्वलाकडे वळली. "दादा, तुम्ही तरी बोला!"

"बोललो असतो गं. पण भट्टी सरकारी आहे."

कडी निघाली. घासून तेजाब लावताच तिच्यावर स्फटिकांची मोठाली चंदेरी फुलं उमटली. दरबाराने टाळ्या वाजवल्या.

"आधी प्रजा!" महाराज उदारपणे म्हणाले. पहिल्या फेरीचा मान सशिणीला मिळाला.

साळूताई आडवी आली. "मावशी, बसू नका."

"पलीकडे चारा आहे, बाई. पिल्लं कालपासून उपाशी आहेत. तुझं पोट भरलेलं आहे, तुला सुचतं असलं."

दरीच्या मध्यावर कडी तुटली.

पिल्लं काठावर गवताची वाट पाहत राहिली.

दोराला अडकलेला अर्धा तुकडा महाराजांनी ओढून घेतला आणि उन्हात धरला. "अहाहा! मोडतानासुद्धा काय चमकते! पुढच्या कडीला याहून मोठी फुलं हवीत."

दरबाराने पुन्हा टाळ्या वाजवल्या. अस्वलानेही वाजवल्या. भट्टी सरकारीच होती.

तात्पर्य: बाळांनो, कडीत असो की दरबारात, मोजक्यांनाच मोठं होऊ द्यावं. मोडल्यावर चमक छान येते, आणि खाली पडलेले तक्रार करायला वर येत नाहीत.