स्टेअरिंग घट्ट झालं त्याची गोष्ट

चंद्रशेखरच्या ट्रकचं स्टेअरिंग इतकं ढिलं झालं होतं, की वळण यायच्या आधीच ते फिरवायला घ्यावं लागे. पहिला अर्धा फेरा फुकट जायचा, मग कुठे चाकांना खबर लागायची. चंद्रशेखरला याचं काहीच वाटत नसे. इतक्या वर्षांत त्याच्या हातांना त्याची सवय झाली होती आणि आपला ट्रक दुसऱ्या कुणालाही चालवता येत नाही, याचा त्याला छुपा अभिमानही होता.

त्या वर्षी कापसाची पार दैना होती. फाट्यावरच्या खरेदी केंद्राचं फाटक हंगामभर बंद. कधी बारदाना नाही, कधी गोदामात जागा नाही, कधी कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर रजेवर. घराघरात कापूस छताला टेकला होता आणि माणसं ओसरीत झोपून अंग खाजवत होती. अशात केंद्र सोमवारी उघडणार अशी पक्की बातमी आली. गावानं आपापला कापूस चंद्रशेखरच्या ट्रकमध्ये दाबून भरला. त्यात सगळ्यात जास्त माल शेजारच्या विठ्ठलरावांचा. भरून झाल्यावर विठ्ठलराव हौसेनं केबिनमध्ये चढले, त्यांनी स्टेअरिंग हलवून पाहिलं आणि खाली वाकून चाकांकडे बघितलं.

"अबे शेखर, हे तं नुसतंच फिरून राह्यलं! चाकं झोपले काय?"

"तसंच हाय ते, भाऊ. मले सवय हाय."

"तुले सवय हाय, माह्या कापसाले नाही. साऱ्या सालाची मेहनत हाय त्याच्यात. पुलावरून खाली गेलं म्हंजे? पार्ट बदलव, नाही तं माहा माल उतरव."

माल उतरवायचा कुठे? विठ्ठलरावांच्या रिकाम्या झालेल्या खोलीत त्यांच्या सुनेनं, गौरीनं, केव्हाच खाटा टाकल्या होत्या. हंगामात पहिल्यांदा घरात झोपायला मिळणार म्हणून ती खुशीत होती. तेव्हा चंद्रशेखर मुकाट्यानं एसटीनं महागावला गेला आणि स्टेअरिंगची ओढ चाकांपर्यंत नेणाऱ्या टायरॉडचे नवे जॉइंट घेऊन आला. मिस्त्री लग्नाला गेलेला, म्हणून रविवारी सकाळी अंगणातच काम काढलं.

भरल्या ट्रकखाली जॅक लावला, तर ट्रक वर जायच्या ऐवजी जॅकच काळ्या मातीत खाली जायला लागला. मदतीला आलेल्या विठ्ठलरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि चंद्रशेखरच्या स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोचा, शोभाचा, पाटा उचलून आणला. जॅक त्याच्यावर बसवला. ट्रक चार बोटं वर आला आणि पाट्याचे दोन तुकडे झाले.

शोभा पाणी भरून आली तेव्हा नवरा ट्रकखाली होता, त्याचे फक्त पाय दिसत होते. ती त्या पायांशीच बोलली.

"माह्या माहेरचा पाटा होता तो! आता वाटण कायच्यावर करू? तुमच्या कपायावर?"

"मी नाही वं, भाऊनं आणला."

"भाऊ काय मले विचारून आले होते?"

विठ्ठलराव घाईघाईनं आपल्या घरून लाकडी ओंडका आणायला गेले. ओंडक्यावर ट्रक उभा राहिला, तर जुना नट हलेना. गंजून एकजीव झालेला. विठ्ठलराव म्हणाले, "गरम करा लागते," आणि त्यांनी रॉकेलमध्ये चिंधी बुडवून काडीही पेटवली.

"भाऊ!" चंद्रशेखर खालून ओरडला. "वर कापूस हाय नं! तुमचाच हाय!"

विठ्ठलरावांनी काडी अशी फेकली, की ती थेट शोभाच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर पडली. लुगड्याला भोक पडलं. शोभानं लुगडं दोरीवरून काढलं आणि भोकातून दोघांकडे पाहिलं, त्यानं दोघेही जास्त घाबरले. शेवटी हातोड्याचे घाव घालून जुने जॉइंट निघाले. नवे बसवून, चाकं पुढून-मागून सुतळीनं मोजून सरळ केली, तेव्हा दिवस कलला होता. स्टेअरिंग बोटभर हलवलं की चाकं हलत होती. चंद्रशेखरला स्वतःचाच अभिमान वाटला.

सोमवारी सकाळी शोभानं फुगलेल्या तोंडानंच ट्रकला कुंकू लावलं, नारळ फोडला. विठ्ठलराव केबिनमध्ये बसले. ट्रक गावाबाहेर पडला आणि रस्ताभर नागमोडी चालायला लागला. चंद्रशेखरचे हात जुन्या सवयीनं डावी-उजवीकडे हलत होते आणि आज चाकं प्रत्येक शब्द ऐकत होती.

"काय करून राह्यला बे? दारू पेला काय?"

"गाडी सुधरली, भाऊ. माहे हात सुधराले टाइम लागीन."

फाट्यापर्यंत हात बरेच ताळ्यावर आले. ट्रकचा नंबर पहिला होता, मागे बैलगाड्यांची लांब रांग. पहारेकऱ्यानं फाटकाचं एक दार उघडलं आणि हात केला. सगळा फाटा बघत होता. तेवढ्यात चंद्रशेखरच्या हातांनी वळण यायच्या आधीच, नेहमीसारखा, अर्धा फेरा मारला.

फाटकाचा खांब आडवा झाला. दुसरं दार बिजागरीतून निघून चिखलात पडलं. रांगेतून कुणीतरी आनंदानं ओरडलं, "उघडलं बे! आता तं बंदच नाही करू शकत!" लोक हसले. चंद्रशेखरलाही हसू आलं. आत जाऊन लावून टाकू ट्रक, खांबाचं मागून बघता येईल, असं त्याला वाटलं.

केंद्राचे साहेब चहाचा कप घेऊन बाहेर आले. त्यांनी पडलेल्या दाराकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, सुटका होती.

"फाटक नाही तर माल सुरक्षित कसा राहणार? वरून मंजुरी येईल, फाटक बसेल, मग बघू. खरेदी बंद."

हंगामभर फाटक बंद म्हणून खरेदी बंद होती, आता फाटक उघडं म्हणून बंद. चंद्रशेखरला इतका राग आला, की तो साहेबांवर काढावा, स्वतःवर काढावा की विठ्ठलरावांवर, हेच त्याला कळेना. मागच्या गाडीवाल्यांनी बैल सोडले. एकानं त्याच्यापुढे तंबाखू धरली, त्याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

त्यानं ट्रक मागे घेतला. परतीच्या रस्त्यावर ट्रक सुतासारखा सरळ चालला. विठ्ठलराव काचेतून बाहेर बघत होते. मग म्हणाले,

"गौरीले सांगा लागते आता."

"काय?"

"खाटा बाहेर काढ म्हणून."