बिनपंखी भुंगेऱ्याच्या एकमेव उड्डाणाची हकीकत

पृथ्वीवर राज्ये जाहली आणि बुडाली, परंतु भुंगेरे राहिले. त्यांपैकी तिळाएवढ्या एका भुंगेऱ्याचे नाव जगाच्या दफ्तरी कैसे दाखल जाहले, त्या मोहिमेचे वर्तमान, पदरचे तिखटमीठ न लाविता, लिहिले जाते ते ऐसे.

संग्रहालयाच्या कीटकशाखेत सूक्ष्मदर्शकधुरंधर, चिमटाबहाद्दर, अल्पभाषी खाशा बाई मुक्काम करून होत्या. त्यांस सासूबाईंच्या परसातील कुजक्या ओंडक्याखाली एक काळा भुंगेरा मेलेला गवसला, आणि त्याच्या पाठीची दोन्ही कडक झाकणे एकमेकांस सांधलेली दिसली, आणि मग बाईंनी मनी ताडिले की, ज्याची झाकणे उघडत नाहीत तो उडत नाही, आणि जो उडत नाही तो या कुळात कोणी नवाच असामी आहे. मग आणखी नमुने मिळवावे म्हणोन स्वारी पुन्हा परसात गेली, तो सासूबाईंनी साफसफाई करून ओंडका जाळून टाकिला होता.

"मला काय ठाऊक गं, तुझं माहेर त्या ओंडक्याखाली होतं ते!" ऐसा जबाब आला.

सबब तमाम मुलखात तो एकच नमुना उरला, आणि त्यावर बाईंनी वर्षभर अहोरात्र खपून त्याचे वर्णन सिद्ध केले.

परंतु लेखावर शाखाप्रमुख मोठे सर यांची संमती पाहिजे. सरांची पांढरी मिशी ऐसी घनदाट की, तीत चहा गाळला जाई. सरांनी तरुणपणी याच कुळातील एक उडता भुंगेरा वर्णिला होता, आणि तेव्हापासून त्या कुळातला प्रत्येक काळा भुंगेरा तो आपलाच, ऐसी त्यांची वहिवाट होती. त्यांनी फर्माविले की, झाकण उघडून दाखवावे, आणि आत पंख निघाल्यास बाईंचा लेख रद्द समजून नमुना जुन्याच नावाच्या खणात रवाना करावा.

"पंख असणारच हो," सर म्हणाले. "तुम्हाला दिसले नाहीत, एवढंच."

मग मोहिमेचा दिवस मुक्रर जाहला. कीटकशाखेचा कदीम कायदा ऐसा की, नमुना कागदावर असता पंखा बंद. सबब पंखा बंद, खिडक्या बंद, आणि उष्मा ऐसा की भिंतीही घामेजल्या. शाखेचे शिपाई मामा दारी चौकीस उभे राहिले. बाईंनी नमुना ऊन पाण्यात मऊ केला, आणि सर्वांत बारीक सुईने कडेचा सांधा सोडविला, आणि मग झाकण किंचित उचलून नमुना कागदावर सुकत ठेविला, आणि आत न डोकावता सरांस बोलाविले. कारण पहिली नजर सरांची, म्हणजे मागाहून तक्रार नको, ऐसी त्यांची मसलत होती.

सर आले. आले ते कपाळ पुसत आले, आणि सवयीने भिंतीकडे हात करून त्यांनी बटण दाबिले.

पंखा गरजला, आणि जो भुंगेरा जन्मात उडाला नव्हता तो उडाला.

"पंखा!" मामा ओरडले आणि झेप घालून बटण बंद करिते जाहले.

"कुणीही पाऊल उचलू नका," बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, परंतु मुखावरील रंग उडाला. कारण तो गेला तर वर्ष गेले, आणि दुसरा आणावा ऐसा ओंडकाही जगी नाही.

मग मामांनी जागीच लवून फरशी न्याहाळिली, आणि बाईंनी टेबल न्याहाळिले, आणि सर ओशाळून पुतळ्यासारिखे उभे राहिले. अखेर मामांची नजर वर गेली आणि तेथेच थांबली.

"सर, रागावू नका, पण साहेब तुमच्या मिशीत बसलेत."

"काय? अहो, तरीच मला शिंक..."

"नाही, सर," बाई म्हणाल्या. "शिंक नाही."

ऐसा हुकूम त्या शाखेत सरांस आजवर कोणी केला नव्हता. सरांनी श्वास कोंडिला, डोळ्यांत पाणी आले, चेहरा लाल जाहला, तरी ते हलले नाहीत. बाईंनी चिमटा घेऊन मिशीच्या अरण्यात शिरकाव केला, आणि एकेक केस बाजूस सारून भुंगेरा सहाही पायांनिशी सहीसलामत बाहेर काढून डबीत बंद केला. मागोमाग सरांची जी शिंक जाहली तीत टेबलावरील टिपकागद दाराबाहेर गेले.

मग सरांनी सूक्ष्मदर्शकास डोळा लाविला. पंख नव्हते. पंखांचा खुंटही नव्हता. सर बराच वेळ पाहत राहिले.

"पण आत्ता उडाला तो?" अखेर त्यांनी विचारिले.

"तुमच्या कृपेने, सर."

सर मिशीत हसले आणि त्यांनी लेखावर सही केली. सांजवेळी सासूबाईंस वर्तमान कळविले, तो त्या म्हणाल्या, "म्हणजे उडत नाही, हे ठरवायला वर्ष लागलं? मला विचारायचंस. मी त्याला चालतानाच पाहिलं होतं!"

येणेप्रमाणे नवी जात दफ्तरी दाखल जाहली. परदेशीच्या परीक्षकांनी सारा लेख मान्य केला, फक्त आभारातील एका वाक्याचा खुलासा मागितला. बाईंनी खुलासा दिला नाही आणि वाक्यही बदलिले नाही. ते आजही तेथे छापील आहे, ते ऐसे: 'मोठ्या सरांचे आभार, त्यांनी ऐन वेळी श्वास रोखून धरला.'