एकूण सहभागी कुटुंबे : एक

कुटुंब हा समाजाचा पाया आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु या पायाची लांबी, रुंदी व खोली नेमकी किती असावी, हे आमच्या गल्लीने मोजायला घेईपर्यंत कोणी मोजले नव्हते. समाज इतकी वर्षे नुसत्या अंदाजावर उभा होता, हे लक्षात घेतले म्हणजे तो पडला कसा नाही याचेच नवल वाटते.

आमच्या गल्लीत दरवर्षी एका रविवारी दुपारी वाहने बंद करून ‘कौटुंबिक दुपार’ साजरी होते. मुलांच्या शर्यती, मोठ्यांची रस्सीखेच, सरबत, आणि शेवटी अध्यक्षांचे भाषण. (भाषण शेवटी ठेवण्याचे कारण असे, की ते आधी ठेवले त्या वर्षी बाकी काहीच झाले नाही.) कार्यक्रमाच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते : सहकुटुंब यावे. गेली अनेक वर्षे लोक हे वाचत होते आणि येत होते. वाचून कोणी विचार केला नाही. विचार करणे हे समितीचे काम आहे.

मागील वर्षीच्या अहवालात समितीला असे आढळले, की एकूण बारा व्यक्ती एकेकट्या आल्या, कुटुंबासाठी राखलेल्या खुर्च्यांवर बसल्या व एकतीस पेले सरबत प्यायल्या. त्यांपैकी दोघे जण हसतानाही दिसले. फलकावर स्पष्ट सूचना असताना एकट्याने येऊन कौटुंबिक वातावरणाचा आनंद लुटणे ही गोष्ट किती गंभीर आहे, हे अध्यक्षांनी तीन सभांमध्ये समजावून सांगितले. तिसऱ्या सभेत ते आम्हाला समजले.

या समितीत व्याख्या करण्याचे काम माझ्याकडे आहे. मी सव्वीस वर्षे शाळेत गणित शिकवले. व्याख्या पक्की असली की उदाहरण आपोआप सुटते, असे मी मुलांना सांगत असे, आणि मुले मान डोलावत असत. मी तीन संध्याकाळी बसून पुढील व्याख्या तयार केली : ‘कुटुंब म्हणजे एकाच छताखाली राहणाऱ्या किमान तीन पिढ्या, प्रत्येक पिढीचा किमान एक नमुना प्रत्यक्ष हजर असावा.’ ती एकमताने मंजूर झाली. अर्ज छापले. ज्यांचे कुटुंब व्याख्येत बसेल त्यांना प्रवेशपत्र, एक टेबल, चार खुर्च्या व सहा पेले सरबत मिळेल, असे जाहीर झाले. बाकीच्यांनी त्या दिवशी घरी राहून गल्लीला सहकार्य करावे, अशी विनंतीही करण्यात आली.

व्याख्येत न बसणाऱ्यांत घड्याळवाले होते. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर त्यांचे दुकान आहे, आणि दुकानामागच्या खोलीत ते एकटे राहतात. गल्लीतली सगळी मुले त्यांना आजोबा म्हणतात आणि घड्याळ वाचायला त्यांच्याकडूनच शिकतात. (मी शाळेत शिकवायचो ते घड्याळ पुठ्ठ्याचे होते. ते कधी चुकत नसे आणि चालतही नसे.) अकरा वर्षे मुलांच्या शर्यतीची वेळ हेच गृहस्थ घेत आले, स्वतःच्या स्टॉपवॉचवर. ते स्टॉपवॉच इतके जुने आहे, की त्यातला मूळचा भाग म्हणजे फक्त आवाज.

व्याख्येत न बसणारे दुसरे घर भिंगरीचे, तेही आमच्याच इमारतीतले. भिंगरी नऊ वर्षांची. आई आणि ती, एवढेच माणूसबळ. आई घरी पडदे शिवते. भिंगरी धावते. मागच्या वर्षी साठ मीटर तिने अकरा पूर्णांक चार दशांश सेकंदांत पार केले होते. तेव्हा घड्याळवाले तिला म्हणाले होते, “पुढच्या वर्षी अकराच्या आत येशील. मी बघायला आहेच.” ते वर्षभर ती धरून बसली होती. दूध आणायला जातानासुद्धा चालत गेल्याचे कोणी पाहिले नाही.

समितीने पर्यायी व्यवस्था केली नव्हती असे नाही. वेळ घेण्याची जबाबदारी अध्यक्षांनी स्वतःच्या मोबाइलसह स्वीकारली व तिची रंगीत तालीमही घेतली. भिंगरी धावत असताना मोबाइल वाजला. अध्यक्षांनी तो घेतला. नोंदवहीत तिची वेळ चार मिनिटे दहा सेकंद अशी पडली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली.

“सर, मी चार मिनिटं धावले नाही. अध्यक्ष काका कुणाला तरी गुडघे कसे आहेत विचारत होते. मी पोचले, घरी जाऊन पाणी प्यायले, परत आले, तरी गुडघेच चालले होते.”

“नोंद झालेली आहे, बाळ.”

“मग आजोबांना येऊ द्या ना. ते बरोब्बर दाबतात.”

मी तिला व्याख्या समजावून सांगितली. ती न कळल्यास पुन्हा सांगेन, असेही म्हणालो. तिला पहिल्याच वेळी कळली, असे नंतर दिसून आले.

संध्याकाळी ती घरचा अर्ज घेऊन आली. पिढी पहिली : घड्याळवाले. पिढी दुसरी : आई. पिढी तिसरी : भिंगरी. मी छाननीला बसलो.

“हे तुझे कोण?”

“आजोबा.”

“आईचे वडील की बाबांचे?”

“अर्जात असं विचारलंय कुठे?”

विचारलेले नव्हते.

“पण एकाच छताखाली राहायला हवं.”

भिंगरीने खिडकीतून वर बोट दाखवले. “आपल्या इमारतीला दोन छतं आहेत का?”

इमारतीला छत एकच होते. त्याखाली तीन मजले, दहा बिऱ्हाडे आणि एक दुकान येत होते. मी अर्ज मंजूर केला. पक्क्या व्याख्येचा हाच फायदा, तिच्यापुढे माणसाला स्वतःचे डोके चालवावे लागत नाही.

बातमी पसरायला एक जिना पुरला. गल्लीत आजी किंवा आजोबा नसलेली घरे पुष्कळ होती. काहींचे गावी होते, काहींचे दुसऱ्या मुलाकडे होते, काहींचे आता फोटोत होते. आठवडाभरात ज्येष्ठांना अशी काही मागणी आली, की पूर्वी ज्यांना जिन्यात कोणी वाट देत नसे त्यांच्यासाठी लोक दार धरून उभे राहू लागले. शेजारच्या इमारतींना जोडणारी पत्र्याची शेडही या काळात छत म्हणून ओळखली जाऊ लागली. गल्लीतील प्रत्यक्ष ज्येष्ठ अडतीस होते. एकूण शेहेचाळीस अर्जांत मिळून ते एकशे एकतीस भरले. पाववाल्याची आई सात घरांत होती, त्यांपैकी एका घरात आजोबा म्हणून. (तिथे आजी आधीच भरलेली होती.)

“सात ठिकाणी सह्या केल्यात, आजी?” मी विचारले.

“आठव्या घरचे आले होते. पण त्यांच्या चहात साखर नव्हती.”

“हे बरं नव्हे.”

“तेच म्हणते मी. साखर घालायला काय होतं?”

घड्याळवाल्यांचे नाव एकोणीस अर्जांत निघाले. त्यातला एक माझ्या सूनबाईंचा होता. मी घरात असताना माझ्याऐवजी त्यांना का भरले, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “बाबा, तुम्ही त्या दिवशी समितीत असणार. म्हटलं, कोणीतरी मोकळं असावं.” नातवाने मान डोलावली. ती पद्धत माझ्या ओळखीची होती.

ही उसनवारी थांबवण्यासाठी अध्यक्षांनी तातडीची सभा घेतली आणि मला दुरुस्ती करायला सांगितले. मी केली : ‘ज्या दोन अर्जांत एकच ज्येष्ठ व्यक्ती आढळेल, ते दोन्ही अर्ज एकाच कुटुंबाचे समजण्यात येतील.’ म्हणजे दोन घरांनी एक आजी वापरली, तर दोघांत मिळून एकच टेबल आणि सहाच पेले. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. “आता बसतील गप्प,” ते म्हणाले.

दुरुस्तीची अंमलबजावणी मी सभागृहातल्या फळ्यावर केली. मदतीला मुले आली. गणिताला मुले आपण होऊन येतात, हे मी सव्वीस वर्षांत प्रथमच पाहिले. पद्धत सोपी आहे. पहिल्या आणि दुसऱ्या घरात एक आजी, म्हणून ती दोन घरे एका गोलात. दुसऱ्या आणि तिसऱ्या घरात एक आजोबा, म्हणून तिसरे घरही त्याच गोलात. मग पहिले आणि तिसरे घर एक झाले, जरी पार्किंगवरून ती दोन वर्षे एकमेकांशी बोलत नसली तरी. “असंच पुढे न्या,” मी म्हणालो. मुलांनी पुढे नेले. पाववाल्याच्या आईपाशी सात घरे एकदम चिकटली. घड्याळवाल्यांपाशी एकोणीस. दीड तासाने फळ्यावर एकच गोल उरला आणि त्यात पंचेचाळीस घरे होती.

गोलाबाहेर एक घर राहिले. ते अध्यक्षांचे. त्यांच्याकडे तिन्ही पिढ्या स्वतःच्याच होत्या, आणि अध्यक्षांना उसने मागायला कोणी गेले नव्हते. त्यांनी गोलातली घरे स्वतः एकदा मोजून पाहिली. “आपले कागद स्वच्छ आहेत,” ते शेवटी म्हणाले. कोणी नाकारले नाही.

अशा रीतीने रविवारी दोन कुटुंबे मैदानात उतरली. एक पाच जणांचे आणि एक एकशे सत्याऐंशी जणांचे. दोघांनाही नियमाप्रमाणे प्रत्येकी एक टेबल, चार खुर्च्या व सहा पेले. अध्यक्षांच्या टेबलाभोवती सगळे शिस्तीत बसले. (नातू उभा होता. खुर्च्या चारच होत्या.) दुसऱ्या कुटुंबाने, घरचेच कार्य आहे म्हटल्यावर, घरोघरून खुर्च्या, सतरंज्या, पातेली आणि दोन पाळीव मांजरे आणली. पार्किंगवाली दोन्ही घरे एकाच सतरंजीवर बसली, कारण सतरंजी एका घराची होती आणि उशा दुसऱ्याच्या. रस्सीखेच झाली. ती आठ दशांश सेकंद चालली, असे घड्याळवाल्यांनी नोंदवले.

अडचण पुढे आली. शर्यतीच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कुटुंबाने एकच धावपटू द्यायचा होता. एकशे सत्याऐंशी जणांच्या कुटुंबात बावन्न मुले होती. त्यांतून भिंगरीची निवड पाच मिनिटांत झाली. पण निवड झालेली भिंगरी रेषेजवळ जाऊन परत माझ्याकडे आली.

“सर, मला असं नाही पळता येत.”

“असं म्हणजे?”

“मागे कुणी हवं. मागून धपधप आवाज आला की मी जोरात पळते. हा एकटाच,” तिने अध्यक्षांच्या नातवाकडे पाहिले, “आणि ह्याच्या बुटांचा आवाजच येत नाही.”

मी सांगितले, की कुटुंबे दोन आहेत तोवर ती स्पर्धा आहे, आणि स्पर्धेला नियम आहे.

“आणि कुटुंब एकच असलं तर?”

मी गणिताचा शिक्षक आहे. उत्तर मला आले होते, पण ते मुलांना स्वतः काढू द्यावे, असा माझा नियम आहे. तिने माझ्या फायलीतून स्वतःचा अर्ज काढून घेतला आणि ती अध्यक्षांच्या टेबलापाशी गेली.

“अध्यक्ष काका, आमच्या अर्जात याल?”

“मी?” अध्यक्षांनी पेला खाली ठेवला. “कोणत्या नात्यानं?”

“एक आजोबा आहेत आमच्याकडे. दुसऱ्या आजोबांची जागा रिकामी आहे.”

अध्यक्षांनी चष्मा लावला. अर्ज पुढून वाचला, मागून वाचला. मागची बाजू कोरी होती, तिथे ते जास्त वेळ थांबले.

“आधी दुसऱ्या कुणाला विचारलंत का?”

“नाही. तुम्हालाच.”

दुसरे कोणी उरलेच नव्हते, हे ती बोलली नाही. मुलांना सभ्यपणा शिकवावा लागतो असा एक गैरसमज शिक्षकांत आहे. अध्यक्षांनी सही केली. खाली तारीख घातली. मग खिशातून शिक्का काढून तोही मारला, आणि बायकोकडे न बघता म्हणाले, “सरबत तिकडे घेऊन चला. इथे कोण पिणार सहा पेले?” नातू तोवर निघालासुद्धा होता.

लगेच त्यांनी माईकवरून घोषणा केली : “गल्लीत एकच कुटुंब शिल्लक राहिल्याने प्रतिस्पर्ध्याअभावी स्पर्धा रद्द करण्यात येत आहे. तथापि, एकाच घरातील मुलांनी दारात धावपळ करणे ही घरगुती बाब असून समिती त्यात ढवळाढवळ करू शकत नाही.”

घरगुती बाबीत त्रेपन्न मुले एकदम सुटली. आवाज असा झाला, की दोन्ही मांजरे शेडच्या पत्र्यावर गेली. भिंगरीच्या मागे जेवढी धपधप हवी होती, त्याच्या बावन्न पट होती. तिने रेषा ओलांडली, घड्याळवाल्यांनी बरोब्बर दाबले, सवयीने स्टॉपवॉच आधी कानाला लावले आणि मग डोळ्यांपुढे धरले.

“दहा पूर्णांक नऊ.”

“अकराच्या आत?”

“एका दशांशानं. म्हटलं होतं ना, बघायला आहे म्हणून.”

त्यानंतर सगळ्यांनाच आपली वेळ घ्यावीशी वाटू लागली. अध्यक्ष धावले. मध्ये मोबाइल वाजला, त्यांनी तो घेतला नाही, ही नोंद मी मुद्दाम करतो. पाववाल्याच्या आईने साठ मीटर सहा मिनिटांत पार केले. वाटेत ती चार ठिकाणी गप्पा मारायला थांबली आणि पोचल्यावर सात जणांचे सरबत मागितले.

अहवाल मीच लिहिला. एकूण अर्ज : शेहेचाळीस. एकूण सहभागी कुटुंबे : एक. एकट्याने आलेल्या व्यक्ती : शून्य. समितीच्या इतिहासात उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण झाल्याचे हे पहिलेच उदाहरण. व्याख्या जशीच्या तशी पुढच्या वर्षीसाठी कायम करण्यात आली असून इतर गल्ल्यांनी ती वापरण्यास समितीची हरकत नाही.

फाइल बंद करण्यापूर्वी मी सगळे अर्ज आणखी एकदा तपासले. मी कोणाच्याच अर्जात नव्हतो. गोलात मी आलो तो सूनबाईंमुळे, आणि त्या आल्या घड्याळवाल्यांमुळे. ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही, आणि तुम्ही हसण्याचेही कारण नाही. तुमच्या गल्लीत अर्ज वाटायला मी पुढच्या आठवड्यात पाठवतो आहे. तोवर सोपा गृहपाठ : शेजारच्या किती घरांच्या अर्जात तुमचे नाव येईल, ते बोटांवर मोजून ठेवा. वेळ भरपूर आहे. बोटेही पुरतील.