चांदनीच्या पायातली रोवणी

सालेकशात आमच्या शेजारच्या हेमराजकाकांना "कसे आहात?" विचारलं, की ते आधी घोडीची तब्येत सांगतात, मग स्वतःची. स्वतःवर येईपर्यंत विचारणारा गोंदियाला जाऊन, बाजार करून परत आलेला असतो.

घोडी म्हणजे वरातीची चांदनी. ती नाचायला लागली की लोक नवरदेवाचं तोंड विसरत. एका नवरीनं तर हार आधी घोडीलाच घातला, हे मी कुठंही शपथेवर सांगायला तयार आहे. अशाच एका वरातीत चांदनीच्या पुढच्या पायाची शीर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, फाटली. लोक म्हणाले, विकून टाका. काका म्हणाले, "तुमचा गुडघा दुखते तं तुमाले इकते का जी कोणी?" आणि टेम्पोत चढवून तिला नागपूरला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी स्टेम सेलचा उपाय सांगितला. घोडीच्याच छातीच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि सुईनं फाटलेल्या शिरेत सोडायच्या. रेसचे घोडे यानं बरे होतात म्हणे. काकांना एका दमात समजलं.

"म्हंजे पऱ्हे टाकाचे, वाढले का उपडाचे, अन् बांधीत रोवाचे. आमी जलमभर तेच करून राहिलो."

समजलं तिथंच घोटाळा झाला. रोवणी, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी, झाली की खाचराच्या बांधीत पाणी साचलेलं हवं, हे धानवाल्याला सांगावं लागतं का? सुई देऊन घरी आणताच काकांनी चांदनीला पट्टीसकट गुडघाभर चिखलात उभं केलं आणि स्वतः छत्री घेऊन बांधावर बसले. काकांनी हे फोनवर सांगताच डॉक्टर असे ओरडले, की दरेकशाच्या जंगलातली अस्वलं राज्य सोडून छत्तीसगडात गेली.

नशिबानं पाय चिघळला नाही. पण डॉक्टरांनी बजावलं, नाचली तर शीर पुन्हा फाटेल, मग घोडी कायमची गेली. आणि बँड ऐकून चांदनी नाचणार नाही, हे शक्यच नव्हतं. काका काठी घेऊन गल्लीच्या तोंडाशी बसू लागले. माझी वरातही तिथंच अडली.

"काका, लगन आहे माझं."

"मंग कर ना गा. आवाज कायले पायजे?"

बँडवाल्यांनी नुसते गाल फुगवले. वऱ्हाडी माना खाली घालून चालले. समोरून येणाऱ्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हळूच विचारलं, "कोण गेलं बाप्पा?"

पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी पाय तपासला. शीर छान जुळली होती. "आता हळूहळू वराती घ्या," म्हणाले. बातमी फुटताच लग्नघरचे लोक दारात आले. काकांनी सगळ्यांना परत पाठवलं.

"काऊन काका? मग एवढं केलं कायले?" मी विचारलं.

काका चांदनीची मान खाजवत राहिले. "तुही काकी गेल्यापासून घरात बोललो तं भिंतीच आयकतेत. हे कान तं इकडे करते."

मग माझ्याकडे पाठ करून ते घोडीला सांगू लागले, की आज वरणात मीठ जरा जास्तच झालं. चांदनीनं एक कान वळवला.