नानांचे अकरा एक

आमच्या शेजारच्या नानांना कुणी "कसं काय?" विचारलं, की ते प्रकृती सांगत नसत, संख्या सांगत. "अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा! अजून भाग जात नाही हो!" विचारणारा मुकाट्यानं रिक्षा गाठायचा.

म्हणजे एकापुढे एक असे अकरा एक. मोजणी कचेरीतून पेन्शनीत निघाल्यावर दुसरे लोक कलमं लावतात, भावकीशी हद्दीच्या गडग्यावरून भांडतात. नानांनी हे काढलं. या संख्येला कशानं तरी भाग जातो का? रोज ओट्यावर बसून, पेन्सिलीनं, एकेक मूळ संख्या घेऊन भागाकार. तीननं नाही, सातनं नाही, असं करत कैक हजारांत पोचले. खूळ ते खूळच, पण अक्षर काय सुबक!

माणसांनाही तोच काटा. नगरपालिकेचा उमेदवार हात जोडून आला, तर त्याला तोंडावर म्हणाले, "तू बारासारखा रे. दोन, तीन, चार, सहा, कुणीही यावं नि वाटा काढावा." त्या बापड्याला ती स्तुतीच वाटली. दुसऱ्या दिवशी भाषणात सांगत होता.

नानांची बायको, आमच्या काकू, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. संध्याकाळ झाली की आतून विचारायच्या, "गेला का हो भाग?"

"नाही गो. उद्या बघू."

मी बँकेत. मेव्हण्यानं आखातातून कॅलक्युलेटर आणला, तो घेऊन ऐटीत गेलो. "नाना, आठवड्यात निकाल लावू!" नाना एक, एक, एक दाबत गेले. आठ एक झाले नि यंत्र अडलं. पुढचा आकडा काही घेईना.

"ह्याच्या तोंडात घास मावत नाही, नि हा मला जेवायला शिकवणार!" खूश होऊन ते चहा टाकायला आत गेले.

मी आपला नानांची जुनी वही चाळत बसलो. एका पानावर भाजक २१६४९. भागाकार ५१३२३९. बाकी शून्य. खाली गेल्या शिमग्याची तारीख.

"नाना! अहो, हा तर गेला भाग!"

नाना कपबशी घेऊन तसेच धावत आले. निम्मा चहा बशीत. "हळू बोल मेल्या! ऐकेल ती."

"मग रोज काय करता?"

"पुन्हा तीनपासून धरलंय." ते ओट्यावर टेकले. "आजारी पडली तेव्हा म्हणाली, तुमचा तेवढा भाग गेलेला बघते, मग मी जायला मोकळी. थट्टेतच म्हणाली. पण मला भीती वाटते रे."

इतकी वर्षं या माणसाला हसलो, त्याची मला लाज वाटली.

"कोण रे ओरडलं?" आतून काकूंचा आवाज आला. "गेला का भाग?"

नानांनी वही मिटून मांडीखाली सारली.

"नाही हो काकू," मी मोठ्यानं सांगितलं, "माझंच चुकलं. उद्या बघू."