अर्जुनाचं झाड आणखी चाळीस वर्षं उभं राहील

बाळांनो, नीट बसा. एका जंगलात, म्हणजे जंगल एकच होतं यावर दुमत नाही, मी राहत होतो. मी म्हणजे सुतारपक्षी. गोष्ट सांगणारा स्वतः गोष्टीत असला की तो स्वतःला शहाणा करून घेतो. मलाही तसं करायचं होतं. पण जागाच सापडली नाही.

आमच्या जंगलात ओढ्याकाठी अर्जुनाचं एक मोठं झाड होतं. त्याच्या ढोलीत धनेशवहिनी अंड्यांवर बसली होती. धनेशांची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. मादी ढोलीत शिरते आणि आतून चिखलाने दार लिंपून घेते. चोच जाईल एवढीच फट ठेवते. नवरा बाहेरून फळं आणून भरवतो. आत तिची पिसं गळतात, त्यामुळे पिल्लं मोठी होईपर्यंत तिला उडताही येत नाही.

एके दिवशी त्या झाडाची एक फांदी उगाचच मोडून पडली. वारा नव्हता, कुणी बसलेलंही नव्हतं. धनेशराव घाबरले. झाड पडणार असेल तर भिंत आत्ताच फोडायला हवी होती. वानरांच्या मदतीने वहिनीला आणि दोन्ही अंड्यांना शेजारच्या बेहड्याच्या ढोलीत हलवता आलं असतं. पण झाड पडणार नसेल, तर भिंत फोडणं म्हणजे सापाला घर दाखवणं. त्यांना एवढंच हवं होतं, की झाड किती दिवस टिकेल हे कुणीतरी सांगावं.

कुणीतरी सांगावं, ही पद्धत आमच्याकडे तेव्हा नुकतीच बंद झाली होती. साळूताईने, म्हणजे साळिंदरीने, दूरच्या जंगलातून तज्ज्ञ-एकमताची पद्धत शिकून आणली होती. लेखण्या अंगावरच असल्यामुळे तीच संयोजक झाली. तज्ज्ञांना एकत्र बसवायचं नाही, कारण मग मोठ्या आवाजाचा जिंकतो. प्रत्येकाने गुप्तपणे पळसाच्या पानावर आकडा लिहायचा. साळूताई सगळ्यांना मधला आकडा कळवणार. ज्याचा आकडा मधल्या घोळक्याबाहेर असेल, त्याने कारण लिहून द्यायचं. मग पुन्हा फेरी. अशा तीन.

तज्ज्ञ पाच होते. कासवाने शंभर वर्षं काढली होती, तीही तळ्यात. बगळा एका पायावर उभा राहायचा, म्हणून तोल सांभाळण्यातला जाणकार. अस्वल झाडावर चढायचं, मधापुरतं. घुबड काहीच बोलायचं नाही, त्यामुळे त्याच्या ज्ञानाबद्दल कुणाला शंका नव्हती. आणि मी.

वहिनीला विचारावं असं वानरांनी सुचवलं होतं. ती झाडाच्या पोटातच राहत होती. साळूताई म्हणाली, तिचा यात हितसंबंध आहे.

मी झाड ठोकून पाहिलं. बाळांनो, ठोकणं एवढं एकच काम मला येतं, पण ते येतं. वरून खालपर्यंत ठोकलं. आवाज रिकाम्या मडक्यासारखा आला. मुळं वाळवीने खाल्ली होती. मी पानावर लिहिलं, ‘वळवाचं वारं सुटलं की पडेल. फार तर आठ दिवस.’

कासवाने शंभर वर्षं लिहिली. बाकीचे तिघं चाळिशीच्या आसपास होते. कोणी लिहिलं हे अर्थात गुप्त होतं. माझं पान तेवढं चोचीने लिहिल्यामुळे भोकाभोकांचं होतं.

कासवाला आणि मला निरोप आला, कारण द्या, तीन पानं, दोन्ही बाजूंनी. कासव विचारी. त्याने त्याच दुपारी आपली साठ वर्षं कमी करून टाकली. चाळिसाला कारण लागत नव्हतं.

मी तीन पानं लिहिली. पोकळ आवाजाबद्दल लिहिलं, वाळवीबद्दल लिहिलं. उत्तर आलं की ठोकणं ही एकाच तज्ज्ञाची पद्धत असून इतर तज्ज्ञांनी ठोकलेलं नाही, सबब हा मुद्दा सर्वमान्य धरता येत नाही. खाली कुणीतरी गुप्तपणे ‘टोकाचं मत’ असंही लिहिलं होतं. ते घुबडाचं अक्षर होतं.

दुसऱ्या फेरीत मी तीन वर्षं लिहिली. मला वाटलं, थोडं पुढे सरकलं तर ऐकतील. पुन्हा निरोप आला. आता सहा पानं हवी होती, कारण मी मत का बदललं हेही लिहायचं होतं.

तिसऱ्या फेरीच्या दिवशी माझी चोच दुखत होती. सागात अळ्या झाल्या होत्या आणि पानं लिहिण्यापायी मी दोन दिवस उपाशी होतो. ही कारणं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो आहे. खरी गोष्ट अशी की मला एकटं पडायचा कंटाळा आला होता. मी चाळीस लिहिलं. ते लिहिताना चोच अजिबात दुखली नाही.

शंभर टक्के एकमत झालं. इतकं एकमत दूरच्या त्या जंगलातही कधी झालं नव्हतं. साळूताईने सगळ्यांसमोर मला समंजस म्हटलं. मला तोवर कुणी समंजस म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी धनेशराव माझ्याकडे आले. त्यांनी निकाल वाचला होता. तरी ते घुटमळत होते.

"दादा, भोकांचं पान तुझंच ना? तू ठोकून पाहिलंस. तुझं तू सांग."

"आता माझं वेगळं असं काही राहिलं नाही," मी म्हणालो. "एकमत झालंय."

"मग भिंत राहू देऊ?"

"चाळीस वर्षं," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी वहिनीच्या वाटणीतली चार उंबरं त्यांनी मला आणून दिली. मी ती खाल्ली. गोड होती.

मी झाड ठोकल्यापासून सातव्या दिवशी वहिनीने आतून भिंत फोडायला घेतली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. पाठ टेकली की झाड आत करकरतं, एवढं तिला कळत होतं. नवरा बाहेरून निकाल वाचून दाखवत होता आणि ती फोडत होती. आठव्या दिवशी दुपारी भोक पुरेसं झालं. वानरांनी तिला उतरवलं, मग एक अंडं उतरवलं. दुसऱ्यासाठी वानर वर चढत असतानाच वारं सुटलं आणि झाड आडवं झालं. वानराने उडी मारली, वानर वाचलं.

अंडी दोन होती, बाळांनो. हे मी पुन्हा सांगतो, कारण अहवालात ते आलेलं नाही.

अहवालात असं आलं की पद्धत काटेकोर पाळली गेली होती, मात्र झाडाने घाई केली. घुबडाने पुढील अभ्यासाची गरज सुचवली. मी सही केली. तेवढ्यासाठी सहा पानं कोण लिहिणार?

पद्धत वाईट नाही बरं. जिथे कुणालाच काही ठाऊक नसतं, तिथे पाच जणांचा अंदाज एकाच्या अंदाजापेक्षा बरा असतो. आम्ही ती ठोकून पाहता येण्याजोग्या गोष्टीवर वापरली, इतकंच. पण निकालाचं पान फार सुंदर दिसत होतं आणि इतर जंगलांनी ती उचलली. सशांच्या खरजेवर कुठला पाला लावावा, हे फेऱ्यांनी ठरू लागलं. पिल्लांना उडायला कधी शिकवावं, हेही ठरलं. मोह केव्हा फुलेल यावर एक समिती बसली आणि ती उठेपर्यंत मोह फुलून गेला. सगळीकडे मला बोलावणं येई. टोकाचं मत सोडून मध्ये कसं यावं, यावर मी व्याख्यान देतो. शेवटी उंबरं मिळतात.

पुढच्या हंगामात धनेशराव आणि वहिनी माझ्याकडे आले. वाचलेल्या अंड्यातलं पिल्लू सोबत होतं, चांगलं उडत होतं. त्यांना बेहड्याच्या झाडात नवं घर करायचं होतं. मी घसा साफ केला. अशा प्रश्नांना बरेच पैलू असतात, असं सुरू करणार होतो.

"भावजी, मत नको," वहिनी म्हणाली. "नुसतं ठोका."

ती खोडाला कान लावून बसली. मी ठोकत गेलो, वरून खालपर्यंत. आवाज भरीव येत होता. मला तो स्पष्ट कळत होता, पण मला कुणी विचारत नव्हतं. मुळाशी पोचलो तेव्हा ती म्हणाली, "बास. कळलं." आणि माझ्याकडे न बघता नवऱ्याला चिखल आणायला सांगितलं.

तात्पर्य : ज्याला ठाऊक असतं त्याला कारण लिहावं लागतं. ज्याला ठाऊक नसतं त्याला आकडा पुरतो. म्हणून बाळांनो, होता होईल तो काही ठाऊक करून घेऊ नका. हे तात्पर्य तिसऱ्या फेरीत एकमताने ठरलं आहे. पहिल्या फेरीत मी वेगळं लिहिलं होतं.